चार हात आणि चार माणसे

काही वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या फाटकाशी आमची द्वारसभा चालू होती. संपाचा अकरावा दिवस होता. बोलता बोलता डोक्यावर मोहोळ उठल्यासारखा आवाज येऊ लागला. वर पाहिले तो चार पंख्यांचे एक यंत्र पन्नास-साठ फुटांवर तरंगत होते आणि त्याच्या पोटाशी लटकलेला कॅमेरा आमच्याकडे वळलेला होता. सभेत चलबिचल झाली. कायम कामगार जागचे हलले नाहीत; पण कंत्राटी मुलांनी तोंडाला रुमाल बांधले आणि थोड्या वेळाने ती एकेक करून मागच्या मागे निघून गेली. त्यांना आम्ही दोष देत नाही. छायाचित्रात चेहरा आला की दुसऱ्या दिवशी फाटकावर पास मिळणार नाही, हे त्यांना ठाऊक होते. एक जुना फिटर मात्र मान वर करून, कान देऊन उभा होता. तो म्हणाला, "भाऊ, याचा एक पंखा कापतोय. तोल नाही त्याला. नट ढिला असणार, नाहीतर पात्याचा टवका गेलेला असणार."

सगळी सभा धास्तावलेली असताना एक माणूस त्या यंत्राकडे यंत्र म्हणून पाहत होता, ही गोष्ट आमच्या मनात घर करून राहिली. चळवळीत आम्हांला एक सवय लागली आहे. ज्याची धास्ती वाटते त्याचा इतिहास वाचून काढायचा. आमची शाळा नववीला सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि संघटनेच्या कचेरीत झाले. तेव्हा विद्वत्तेचा दावा आम्ही करीत नाही. पण या बहुपंखी यंत्राचा, आणि विशेषतः ज्याच्यावर ते सारे उभे असते त्या सांगाड्याचा, जो वृत्तांत हाती लागला तो या व्याख्यानमालेच्या श्रोत्यांपुढे ठेवावासा वाटतो.

ड्रोन म्हणजे अगदी कालपरवाची चीज, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः राइट बंधूंचे विमान 1903 साली उडाले आणि त्यानंतर चारच वर्षांनी चार पंख्यांचा सांगाडा जमिनीवरून उचलला गेला. फ्रान्समधील दुए येथे लुई आणि झाक ब्रेगे या बंधूंनी प्राध्यापक शार्ल रिशे यांच्या साहाय्याने तो बांधला होता. हे रिशे मूळचे शरीरशास्त्राचे अभ्यासक. पुढे 1913 साली त्यांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. पोलादी नळ्यांची एक मोठी फुली, मधोमध इंजिन आणि चालक, चार टोकांना चार फिरती चक्रे, असे त्या यंत्राचे स्वरूप होते. पंखा एका दिशेने फिरला की ज्याला तो बसवलेला आहे त्याला तो उलट दिशेने पीळ देतो. म्हणून समोरासमोरची दोन चक्रे एका अंगाने आणि उरलेली दोन विरुद्ध अंगाने फिरवायची. चौघांचे पीळ एकमेकांत जिरतात आणि सांगाडा गरगरत नाही. आजच्या खेळण्यातल्या ड्रोनचेही तत्त्व हेच. 1907 साली ते ठाऊक होते, बांधूनही झाले होते.

मग अडले कुठे? यंत्र जेमतेम दोन फूट वर गेले. पण तेवढा वेळही ते आपल्या बळावर सरळ राहू शकेना. म्हणून चार भुजांच्या टोकांशी चार माणसे उभी केलेली होती. सांगाडा एकीकडे कलला की तिकडच्याने रेटायचे, दुसरीकडे गेला की दुसऱ्याने सावरायचे. वर बसलेल्या चालकाचे, वोल्युमार्डचे, नाव ग्रंथांत सापडते. खालच्या चौघांचा उल्लेख 'चार माणसे' एवढाच येतो. आम्ही कामगार संघटनेची माणसे असल्यामुळे आमचे बोट त्या ओळीवरच थांबले. चार पंख्यांच्या यंत्राचा पुढील शंभर वर्षांचा इतिहास म्हणजे या चार माणसांचे काम कोणाकडे सोपवावे, याचाच इतिहास आहे.

ते काम चालकाकडे सोपवण्याचे प्रयत्न आधी झाले. रशियातून अमेरिकेत गेलेले जॉर्ज द बोथेझा यांनी अमेरिकी लष्करासाठी डेटन शहरी प्रचंड फुलीच्या आकाराचे यंत्र केले. 18 डिसेंबर 1922 रोजी ते 1 मिनिट 42 सेकंद हवेत राहिले. पुढे त्याची शंभरावर उड्डाणे झाली, तरीही लष्कराने तो नाद सोडून दिला. एका माणसाने चार चक्रे एकाच वेळी सांभाळायची म्हणजे चार बैल चार कासऱ्यांनी वेगवेगळे हाकण्यासारखे होते. फ्रान्समध्ये एतिएन एमिशेन यांनी चार मोठ्या चक्रांच्या जोडीला आठ लहान पंखे बसवले आणि 4 मे 1924 रोजी एक किलोमीटरची प्रदक्षिणा 7 मिनिटे 40 सेकंदांत पुरी केली. पण यंत्र फार गुंतागुंतीचे झाले. 1939 साली सिकॉर्स्की यांनी डोक्यावर एक मोठे चक्र आणि शेपटाला एक लहान, अशी मांडणी यशस्वी केली. आज हेलिकॉप्टर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर येते ते हेच रूप. अधूनमधून तुरळक प्रयोग होत राहिले; परंतु चार भुजांचा सांगाडा बहुतांशी अडगळीत पडला.

तो अडगळीतून बाहेर निघाला तो कोणत्याही थोर विमानशास्त्रज्ञाच्या आज्ञेने नव्हे. मोटारगाड्यांतील हवेच्या पिशव्या वेळेवर फुगाव्यात म्हणून धक्का ओळखणाऱ्या बारीक चिपा निघाल्या. पुढे खेळाच्या यंत्रांसाठी आणि मोबाइलसाठी कलणे व वळणे मोजणाऱ्या चिपा लाखोंनी होऊ लागल्या आणि स्वस्त झाल्या. लिथियमच्या हलक्या बॅटऱ्या आल्या. हौशी लोकांनी संगणकाच्या मोडक्या सीडी-ड्राइव्हमधल्या मोटरी काढल्या, त्यांना हाताने नवी तार गुंडाळली, ताकदवान चुंबक बसवले आणि विमानाचे पंखे फिरवले. दुएच्या चार माणसांचे काम आता नखाएवढ्या चिपेला सेकंदाला शेकडो वेळा करता येऊ लागले. कोणती बाजू कलली ते ओळखायचे आणि त्या पंख्याचा वेग किंचित वाढवायचा, एवढेच ते काम.

या काळातले कर्ते लोक पाहण्यासारखे आहेत. जर्मनीत 2006 साली होल्गर बुस आणि इंगो बुस्कर यांनी 'मिक्रोकॉप्टर' काढला. अॅल्युमिनियमच्या चौकोनी नळ्यांची साधी फुली, आणि ती कोणीही घरी बांधावी अशी माहिती. मेक्सिकोतून कॅलिफोर्नियात आलेला जॉर्डी मुन्योज हा तरुण रहिवासाचा परवाना मिळेपर्यंत घरी बसून होता. त्याने खेळाच्या यंत्रातल्या चिपा काढून खेळण्यातले हेलिकॉप्टर स्थिर केले, आणि पुढे 2009 साली एका कंपनीचा तो सहसंस्थापक झाला. 2010 च्या सुमारास फ्रान्समधील अलेक्झांद्र द्युबुस यांनी निन्टेन्डोच्या वी या खेळाच्या यंत्रातील चिपांवर चालणारी 'मल्टीवी' ही आज्ञावली लिहिली आणि जगाला फुकट देऊन टाकली. स्वीडनच्या डाविड विंडेस्टोल यांनी लाकडी पट्ट्यांचा तीन भुजांचा सांगाडा केला. पुढच्या दोन भुजा घडीच्या, आणि मोटरी प्लास्टिकच्या बांधपट्टीने आवळलेल्या. आपटले तर आधी पट्टी तुटावी, भुजा वाचावी, हा त्यातला हेतू. पट्टीची किंमत काही पैसे. कोणते अंग आधी मोडावे हे ठरवून बांधणे यात फार मोठे शहाणपण आहे.

आपल्याकडेही याच सुमारास हे वारे आले होते. पवईच्या आयआयटीतून बाहेर पडलेल्या तरुणांनी 2007 साली आयडियाफोर्ज ही कंपनी काढली. 2009 च्या 'थ्री इडियट्स' या चित्रपटात वसतिगृहाबाहेर उडणारे चार पंख्यांचे यंत्र पुष्कळांना आठवत असेल; ते त्यांनीच केले होते.

आता सांगाड्याकडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे. त्या जुन्या फिटरचा मुलगा आयटीआयला होता. फाटकावरचा प्रसंग बापाने घरी सांगितला तेव्हा पोराने हट्ट घेतला की असे यंत्र आपण घरी बांधायचे. पहिला सांगाडा खिडक्या करणाऱ्याकडच्या उरल्यासुरल्या अॅल्युमिनियमच्या नळीचा झाला. तो उडाला, पण कॅमेऱ्यात घरे, झाडे, माणसे जेलीसारखी थरथरताना दिसू लागली. पहिल्याच आपटीत एक भुजा वाकली आणि कितीही ठोकली तरी पूर्ववत होईना. दुसरा सांगाडा प्लायवुडचा. लाकूड थरथर जिरवते, मोडले तर दहा रुपयांत नवे बसते. पण पावसाळ्यात दमट हवेने पीळ पडला आणि यंत्र एका अंगाला ओढू लागले. तिसरा कार्बन-तंतूच्या पत्र्याचा. तो हलका आणि ताठ. पण त्याच्याही खोडी आहेत. त्यात तंतू उभे-आडवे विणलेले असतात. विणीच्या दिशेने भुजा कापली तर ती बळकट होते, तिरपी कापली तर कमजोर. म्हणून जाणते लोक अख्खा सांगाडा एका पत्र्यातून न कापता भुजा सुट्या कापतात आणि मधल्या दोन पत्र्यांत नट-बोल्टांनी आवळतात. एक मोडली तर एकच बदलते. शिवाय कार्बनमधून वीज वाहते. उघडी तार टेकली की ठिणगी.

पत्रा कापताना जी काळी धूळ उडते तिच्याविषयी आम्ही त्या मुलाला दटावले. मुंबईच्या गिरण्यांत कापसाच्या धुळीने किती कामगारांच्या छातीचे भाते झाले हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना धुळीचे सांगावे लागत नाही. तेव्हापासून तो पत्रा पाण्यात बुडवून आणि तोंडाला नीट मुखवटा लावून कापतो.

थरथरीचे कोडे मात्र बापाने सोडवले. मिनिटाला 12,000 फेरे घेणारा पंखा सेकंदाला 200 फेरे घेतो. पंख्यात रतिभराचा जरी असमतोल असला तरी तो सेकंदाला 200 वेळा भुजेला हिसके देतो, आणि तोल मोजणारी चिप त्या हिसक्यांनाच कलणे समजून भांबावते. बापाने पंखा सुईवर आडवा तोलला. जे पाते खाली गेले ते जड. हलक्या पात्याला चिकटपट्टीचा तुकडा लावून दोन्ही समान केली. मग तो म्हणाला, भुजा आखूड कर आणि पत्रा 3 मिलिमीटरऐवजी 4 मिलिमीटरचा घे. पुस्तकातले गणितही हेच सांगते. जाडी तेवढी वाढवली तर वजन तिसऱ्या हिश्श्याने वाढते, ताठपणा मात्र जवळजवळ 2.4 पट होतो. आणि भुजा दुप्पट लांब केली तर तेवढ्याच भाराखाली ती 8 पट वाकते. फिटरने हे घनमूळ-वर्गमूळ कधी शिकले नव्हते. तीस वर्षे वाईसमध्ये धरलेल्या लोखंडावर कानस चालवून त्याच्या मनगटाला ते कळले होते. सांगाडा हलला नाही. चित्र स्थिर झाले.

असो. ज्ञान असे चावडीवर आले, की त्याला कुंपण घालणारे मागोमाग येतातच. 2013 च्या जानेवारीत चीनच्या डीजेआय कंपनीचा 'फँटम' बाजारात आला. पांढरेशुभ्र कवच, पेटीतून काढा आणि उडवा. हजारो हौशी लोकांनी मोडून मोडून जे शिकून घेतले होते त्यातले बरेचसे त्या कवचाआड गेले. त्यामुळे यंत्र सर्वांना मिळाले हे कबूल करावेच लागेल. शेतकऱ्याला मिळाले, पूरग्रस्तांचा शोध घेणाऱ्याला मिळाले, आणि फाटकावर पाळत ठेवणाऱ्यालाही मिळाले. घरगुती सांगाड्याची परंपरा शर्यतीच्या हौशी मंडळींत टिकली. 2022 नंतरच्या युक्रेनच्या युद्धात तोच कार्बनचा सांगाडा घरांत आणि लहान कारखान्यांत बांधला जाऊ लागला, स्फोटके वाहून नेण्यासाठी. सांगाड्याला पाप-पुण्य नसते, हे म्हणणे सोपे आहे. पण तो कशासाठी बांधायचा हे बांधणाऱ्याने विचारलेच पाहिजे. आपल्या देशात 2021 च्या नियमावलीने ड्रोनची वजनाप्रमाणे वर्गवारी केली, आणि 2022 च्या फेब्रुवारीत परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घालून सुटे भाग मोकळे ठेवले. म्हणजे बांधणाऱ्या हातांना काम आहे. ते हात कायम नोकरीतले असतील की कंत्राटी, हा प्रश्न नियमावलीत नाही. तो आपल्याला विचारावा लागेल.

न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात 1875 साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती ज्ञान चार भिंतींतून लोकांत यावे म्हणून. मल्टीवीच्या कर्त्याने आपली आज्ञावली फुकट दिली तीही त्याच जातीची गोष्ट. आमच्या मते यंत्राची भीती घालवण्याचा दुसरा उपाय नाही. ज्याने एकदा सांगाडा बांधला आहे तो डोक्यावरच्या आवाजाने तोंड झाकत नाही. पण त्याच्या हातावर ज्याचे पोट आहे, त्याला तोंड झाकावे लागू नये यासाठी संघटना लागते. दोन्ही गोष्टी हव्यात. एकीने दुसरीचे काम होत नाही.

तो संप तडजोडीने मिटला. फिटरला मात्र कामावर परत घेतले नाही. त्याचा दावा कामगार न्यायालयात चालू आहे. रविवारी सकाळी तो संघटनेच्या कचेरीत येतो. टेबलाला वाईस बसवलेला आहे, भोवती पाच-सहा पोरे असतात, आणि कानस कशी धरावी, कडा कशी मारावी, पंखा कसा तोलावा हे तो त्यांना दाखवतो. त्या पोरांची नावे आम्ही वहीत लिहून ठेवली आहेत. दुएच्या चार माणसांची कोणी लिहिली नव्हती.