केतकरांचा जातिविषयक प्रबंध व मनुस्मृतीच्या पोथ्या

(१) डॉक्टरीच्या पदवीसाठीं लिहिलेले पुष्कळसे प्रबंध, पदवी पदरांत पडली कीं, कपाटांत निजतात. क्वचित् एखादाच पुढील संशोधकांस आपल्याशीं वाद घालावयास लावितो. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा जातिसंस्थेवरील ग्रंथ या दुसऱ्या प्रकारचा आहे.

केतकर इ. स. १९०६ मध्यें अमेरिकेस गेले. कॉर्नेल विद्यापीठांतील अभ्यासाचें फळ म्हणून ‘हिंदुस्थानांतील जातींचा इतिहास’ या अर्थाच्या नांवाचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०९ त प्रसिद्ध झाला. नांव व्यापक असलें, तरी विषय त्यांनीं आंखून घेतला होता: मनुस्मृति हा मुख्य पुरावा, आणि इ. स. चें तिसरें शतक हा काळ. आधीं साधन कोणत्या काळाचें तें ठरवावें, मग त्यावरून समाजस्थिति सांगावी, ही शिस्त आजच्या संस्कृतीच्या अभ्यासकांसही अनुकरणीय आहे.

(२) केतकरांनीं जातीचीं दोन लक्षणें सांगितलीं. जातींतील मातापितरांच्या पोटीं जन्मलेल्यासच जातींत प्रवेश, हें पहिलें. जातीबाहेर विवाहास निषेध, हें दुसरें. या व्याख्येची परीक्षा लौकरच झाली. ता. ९ मे १९१६ रोजीं न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठांत भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्यानें जातींविषयीं निबंध वाचला; तो पुढील वर्षीं ‘इंडियन अँटिक्वरी’ मासिकांत छापला गेला. जातीचा विचार एकाकी न करितां जातिव्यवस्थेच्या संबंधानें केला, याचें श्रेय त्यांनीं केतकरांस दिलें. परंतु लक्षणें दोन नसून एकच आहेत, हें दाखविलें: बाहेर विवाह बंद झाला, कीं बाहेरच्याचा जन्मानें प्रवेश आपोआपच बंद होतो. म्हणून जातीचें मूळ स्वजातिविवाहाच्या बंधनांत शोधावें, असें त्यांचें म्हणणें. पूर्वसूरींचा मान राखून त्यांचें मत कसें दुरुस्त करावें, याचा हा उत्तम नमुना होय.

(३) दुसरी परीक्षा पाठाची व काळाची. ब्यूलर यांनीं १८८६ च्या भाषांतरांत मनुस्मृतीचा काळ इ. स. पू. दुसरें ते इ. स. चें दुसरें शतक यांच्या दरम्यान धरिला होता. केतकर त्याहून अलीकडे आले. पुढें पॅट्रिक ऑलिव्हेल यांनीं पन्नासांहून अधिक हस्तलिखितें ताडून २००५ त चिकित्सित आवृत्ति काढिली. दंडाच्या प्रकरणीं येणाऱ्या सुवर्णनाण्यांचा पुरावा विचारांत घेऊन त्यांनीं ग्रंथ इ. स. च्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांकडे आणिला. म्हणजे केतकरांचा अंदाज अनाठायीं नव्हता.

येथें प्रस्तुत लेखकास एक कबुली दिली पाहिजे. सामान्य छापील प्रतींचा पाठ बहुतांशीं कुल्लूकभट्टाच्या टीकेस अनुसरून आहे. शाळेंत शिकवितांना तोच मनूचा मूळ पाठ असें समजून आम्हीं वर्षानुवर्षें श्लोक सांगितले. चिकित्सित आवृत्तीच्या पानाखालील पाठभेद पाहिल्यावर आमची ती खात्री डळमळली. शिवाय स्मृति विधि सांगते. लोक तसेच वागत होते, हें तिच्यावरून सिद्ध होत नाहीं. त्यासाठीं ताम्रपट, निवाडपत्रें व महजर यांचीच साक्ष घ्यावी लागते.

तात्पर्य, विचाराची चूक दुसरा विचारवंत दुरुस्त करितो; पाठाची चूक मात्र पोथीवांचून दुरुस्त होत नाहीं. उद्यां एखादा तरुण प्रबंधकार आपल्या दारीं येईल, तेव्हां संग्राहकांनीं रुमालाची गांठ सोडावी, एवढीच विनंति आहे.