तरतमभाव, इंग्रजी विशेषणांचा

दोन किंवा अधिक वस्तूंतील गुणाची तुलना दाखवणारी विशेषणाची रूपे. आखूड विशेषणांना ‘-अर’, ‘-एस्ट’ हे प्रत्यय लागतात (टॉल, टॉलर, टॉलेस्ट). लांबलचक विशेषणांआधी ‘मोअर’, ‘मोस्ट’ येतात. गुड, बेटर, बेस्ट यांसारखी अनियमित रूपे पाठच करावी लागतात.

मराठीत विशेषण तसेच राहते. तुलनेचा भार नामावर पडतो: ‘बुरोंडीपेक्षा हर्णै बंदर मोठे’. ‘सर्वांत’ जोडले की श्रेष्ठता. संस्कृतचे तर-तम मात्र लघुतम, उच्चतर अशा शब्दांत टिकले. ‘जास्त मोठे’ म्हणायच्या सवयीने ‘मोअर बिगर’ लिहिले जाते. आज ते चूक ठरते, शेक्सपिअरच्या काळी असा दुहेरी वापर खपत असे.