दांडी ते ड्रायर : आपल्या सोसायटीच्या कपडे वाळवण्याचा इतिहास

स्मरणिकेसाठी लेख द्या, असा समितीचा निरोप आला तेव्हा बांधकाम, कन्व्हेयन्स, लिफ्ट, पाण्याच्या टाक्या हे सगळे मानाचे विषय आधीच वाटले गेले होते. "काकू, तुम्ही आपल्या जुन्या आठवणी लिहा," असं मला सांगण्यात आलं. आठवणी तर लिहितेच, पण जरा इतिहासाच्या अंगाने लिहिते. विषय असा निवडला आहे, की तो आपल्या सगळ्या फ्लॅटमध्ये रोज घडतो आणि तरी पंचवीस वर्षांच्या इतिवृत्तात त्याची धड एक ओळ नाही. विषय आहे कपडे वाळवण्याचा. इतिवृत्तात ती ओळ का नाही, याला थोडी मीही जबाबदार आहे. ते ओघाने येईलच.

माझं लहानपण शनिवार पेठेतल्या वाड्यात गेलं. तिथे 'ड्रायर' म्हणजे छताच्या कड्यांना टांगलेली लाकडी दांडी. ती इतकी उंच असायची की नऊवारी लुगडं काठीनेच वर चढवावं लागे. उंचीचं एक कारण सोवळं. वाळत घातलेल्या सोवळ्याला कुणाचा हात लागता कामा नये. दुसरं कारण साधं होतं. चुलीची ऊब वर जाते, म्हणून वरचे कपडे लवकर वाळतात. पावसाळ्यात बाळाची दुपटी वाळेनाशी झाली की शेगडीवर वेताची टोपली उपडी घालून त्यावर ती पसरत. टोपलीजवळ एक माणूस राखणीला बसवलेला असे, कारण दुपटं खाली घसरलं तर निखाऱ्यावरच पडणार!

गंमत म्हणजे कपडे वाळवण्याच्या यंत्राची सुरुवातही या टोपलीसारखीच आहे. अमेरिकेत जॉर्ज सॅम्पसन नावाच्या कृष्णवर्णीय संशोधकाने १८९२ साली शेगडीच्या उष्णतेवर कपडे वाळवायच्या चौकटीचं पेटंट घेतलं. पुढे नॉर्थ डाकोटाच्या जे. रॉस मूर या माणसाने फिरत्या पिंपात गरम हवा सोडून कपडे वाळवायची कल्पना मांडली आणि १९३८ च्या सुमारास तसं यंत्र बाजारात आलं. म्हणजे कापूस आणि आग जवळजवळ आणायची आणि तरी पेटू द्यायचं नाही, हा पेच पहिल्यापासूनच आहे. आपल्याकडे टोपलीजवळ आजी बसायची. यंत्रात तिच्या जागी थर्मोस्टॅट बसला.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं. नदीकाठच्या पेठांमधले कितीतरी वाडे त्या पाण्यात खचले. नंतरच्या वर्षांत माणसं वसाहतींमध्ये, चाळींमध्ये आणि मग सहकारी सोसायट्यांमध्ये राहायला गेली. छतं खाली आली, चूल गेली, दांडी गेली आणि खिडकीबाहेर जी.आय. तार आली. २००१ साली आपण इथे राहायला आलो तेव्हा बहुतेक सगळ्यांनी पहिल्या आठवड्यात काय केलं असेल, तर ग्रिल बसवलं आणि तार ताणली. त्या बाल्कनीला नकाशात 'ड्राय बाल्कनी' म्हणतात. आमच्या घरातली सगळ्यात ओली जागा तीच!

ही तार दिसायला गरीब, पण तिच्याबद्दल जरा थांबून सांगायला हवं. जून २०२४ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, दौंड तालुक्यातल्या दापोडी गावात, कपडे वाळत घालायच्या तारेत वीज उतरली आणि एकाच कुटुंबातले तिघं गेले. अशा अपघातांत बहुधा एकाला शॉक बसतो आणि त्याला सोडवायला धावलेल्यांनाही बसतो. लोखंडी तार पत्र्याला किंवा ग्रिलला बांधलेली असते, त्याच ग्रिलवरून एखादी कातडं गेलेली वायर आलेली असते, आणि पावसात सगळं ओलं. एवढं पुरेसं होतं. आपल्याकडे अजून काही बाल्कन्यांमध्ये जी.आय. तार आहे. ती काढून नायलॉनची दोरी लावायला फार खर्च येत नाही. कुणाला शॉक बसताना दिसलं तर आधी मेन स्विच बंद करायचा, माणसाला हात नंतर.

आता ड्रायर या शब्दाकडे येते. परदेशात या शब्दाचा अर्थ गरम हवेचं मशीन. मराठी घरांत मात्र सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनचं उजवीकडचं लहान पिंप म्हणजे ड्रायर. १९८०च्या दशकाच्या शेवटी औरंगाबादच्या व्हिडिओकॉनची आणि इतर कंपन्यांची मशीन टीव्हीवरच्या जाहिरातींतून घरोघर पोहोचली. "ड्रायरला लाव गं," हे वाक्य तेव्हापासूनचं. खरं तर ते पिंप कपडे वाळवत नाही, पिळतं. मिनिटाला तेराशे-चौदाशे फेरे घेऊन कपड्यातलं पाणी बाहेर फेकतं. पण ज्या बाईने जन्मभर चादरी हाताने पिळल्या आहेत, तिला त्यातला फरक सांगायला जाऊ नये.

आपल्या पहिल्या काही वर्षांत भारनियमन होतं. कपडे भिजवले आणि वीज गेली, हे नेहमीचंच. २००६ साली उद्योगांच्या जनरेटरची मदत घेऊन पुणे भारनियमनमुक्त करण्याचा प्रयोग झाला, तेव्हा कुठे मशीनचं वेळापत्रक आपल्या हाती आलं.

या ड्रायरच्या दुखण्यांचा आता मला चांगला अभ्यास झाला आहे. पहिलं दुखणं उंदीर. मशीन खालून उघडं असतं, उंदीर शिरतो आणि वायर कुरतडतो. खाली जाळी बसवणं हा उपाय. दुसरं, झाकण उघडल्यावर पिंप थांबत नाही. याचा अर्थ ब्रेक झिजला आहे किंवा त्याची तार सैल झाली आहे. अशा फिरत्या पिंपात हात घातला तर साडीचा पदर किंवा ओढणी बोटांना गुंडाळून आत खेचते. ब्रेक नीट होईपर्यंत ड्रायर वापरायचा नाही. तिसरं, मशीन नुसतं घुं घुं करतं, फिरत नाही आणि हाताने ढकललं की फिरतं. हा कपॅसिटर कमजोर झाल्याचा लक्षणार्थ. पुष्कळ घरांत ढकलायचं कामच रोजचं होऊन बसतं. ते सोडावं. आणि प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये वीज साठून राहू शकते, म्हणून मागचं झाकण आपण उघडायचं नाही. चौथं, धडधड. बहुतेक वेळा एकाच बाजूला जीन्स कोंबलेली असते. कपडे सारखे पसरावेत आणि वरची प्लॅस्टिकची चकती ठेवावी. पाचवं दुखणं मशीनखाली साचणारं पाणी. त्याचीच गोष्ट आता सांगायची आहे.

२००९ च्या पावसाळ्यात मी सोसायटीची चिटणीस होते. जुलैमध्ये बी विंगमधून तक्रारी यायला लागल्या, की मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात. तिसऱ्या मजल्यावर मेकॅनिकने टायमर बदलला. चौथ्या मजल्यावर मोटर बदलली. एकांनी तर नवंकोरं मशीन आणलं, तेही झिणझिण्या देई. मग ज्याने त्याने आपापला उपाय काढला. कुणी रबरी चप्पल घातली, कुणी पायाखाली पाट घेतला. आमच्याकडेही चपलेवर भागलं आणि चिटणीस म्हणून मी विषय तिथेच सोडला.

धुण्याभांड्याच्या मावशी मात्र अनवाणी काम करायच्या. "ताई, मशीन चावतंय," असं त्या दोन-तीन आठवडे चार घरांत सांगत होत्या. प्रत्येक घरात त्यांना उत्तर मिळालं, "अहो, तेवढं चालायचंच." ऑगस्टमधल्या एका सकाळी, दुसऱ्या मजल्यावर, ओल्या फरशीवर उभं राहून त्यांनी ड्रायरचं झाकण उघडलं आणि त्या फेकल्या गेल्या. नशीब, की मागे फेकल्या गेल्या आणि हात सुटला. चार-पाच दिवस त्यांचा उजवा हात उचलत नव्हता.

त्या दिवशी आलेल्या लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनने एकही मशीन उघडलं नाही. तो सरळ खाली मीटर रूममध्ये गेला. पॅनेलपासून अर्थिंगच्या खड्ड्याकडे जाणारी पट्टी बोल्टपाशी गंजून तुटली होती. म्हणजे बी विंगच्या सगळ्या घरांच्या अर्थिंगच्या वायरी एकमेकींना जोडलेल्या होत्या, पण जमिनीला नव्हत्या. मग कुठल्याही एका घरातल्या मशीनमधून गळणारी वीज जमिनीत जाईना. ती त्याच वायरींमधून इतर सगळ्या घरांतल्या मशीनच्या पत्र्यावर जाऊन बसे. म्हणूनच नवीन मशीनही चावत होतं. त्याने एकेका फ्लॅटचा मेन बंद करून पाहिला. एका फ्लॅटचा मेन खाली पाडल्यावर सगळ्या विंगमधल्या झिणझिण्या थांबल्या.

तो फ्लॅट आमचा होता.

आमच्या ड्रायरच्या तळाचं रबरी सील फाटलं होतं आणि पाणी थेंबाथेंबाने मोटरवर पडत होतं. मशीनखाली पाणी साचतंय हे मला दोन महिने दिसत होतं. मी खाली पोतं टाकलं होतं आणि 'गणपती झाले की बघू' असं म्हणत होते. साध्याशा रबराच्या सीलची दुरुस्ती मी लांबणीवर टाकली, आणि दुसऱ्याच्या घरात तिसऱ्याच बाईला त्याची किंमत मोजावी लागली.

त्या वर्षीच्या इतिवृत्तात नोंद आहे, "बी विंगच्या अर्थिंगची दुरुस्ती करून घेण्यात आली, खर्चास मंजुरी." तो मजकूर मीच लिहिला आहे. त्यात मावशींचा उल्लेख नाही आणि कोणत्या फ्लॅटमधून वीज गळत होती त्याचाही नाही. औषधपाण्याचा खर्च आम्ही दिला, मावशींची माफीही मागितली, पण सभेत उभं राहून सांगायचा धीर झाला नाही. रौप्यमहोत्सवी इतिहास लिहायचाच, तर ही दुरुस्ती आधी व्हायला हवी, म्हणून इथे लिहिते आहे.

त्या प्रसंगानंतर आपल्याकडे दोन चांगल्या प्रथा पडल्या. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी तिन्ही विंगच्या अर्थिंगची मोजणी होते, आणि बहुतेक फ्लॅटमध्ये ३० मिलिअँपिअरची आर.सी.सी.बी. बसली आहे. वीज माणसाच्या अंगातून गळायला लागली तर ती क्षणार्धात पुरवठा तोडते. तिच्यावरचं 'टेस्ट' बटण महिन्यातून एकदा दाबून पाहायचं असतं. आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅटच्या मेन स्विचपर्यंतची वायरिंग संस्थेने सांभाळायची आणि तिथून पुढची सभासदाने. कागदावर ही रेघ स्पष्ट आहे. वीज मात्र ती रेघ पाळत नाही, हे आपण पाहिलंच.

आता नवी पिढी खऱ्या अर्थाचा ड्रायर घरात आणते आहे. पुढून दार उघडणारी मशीन गोव्याच्या वेर्ण्यातल्या आयएफबीसारख्या कारखान्यांतून आली. त्यामागोमाग गरम हवेचे ड्रायरही आले. पावसाळ्यात लहान मुलांच्या घरी ही मोठीच सोय आहे. पण इथे टोपलीचा जुना पेच परत येतो. कपड्यांचा भुसा जाळीत साठतो, हवा कोंडते, उष्णता वाढते आणि तो भुसाच पेटतो. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या २००८ ते २०१० च्या आकडेवारीनुसार तिथे वर्षाला सुमारे २,९०० घरांत ड्रायरमुळे आग लागत होती. त्यातलं सगळ्यात मोठं कारण होतं साफसफाई न करणं. ऑगस्ट २०१६ मध्ये लंडनच्या शेफर्ड्स बुश भागात अठरा मजली इमारतीत सदोष ड्रायरमुळे आग लागली आणि ती कित्येक मजले वर चढली. त्या प्रकारच्या ड्रायरमध्ये दोष असल्याचं आधीच माहीत होतं. दुरुस्तीला माणूस येईपर्यंत मशीन चालू असताना लक्ष ठेवा, एवढाच सल्ला ग्राहकांना दिला गेला होता. 'प्लगच काढून ठेवा' हा सल्ला २०१७ मध्ये आला आणि मशीन परत मागवली गेली २०१९ मध्ये. 'बघू नंतर' हा रोग काही फक्त पुण्याचा नाही.

म्हणून ज्यांच्याकडे असा ड्रायर आहे त्यांच्यासाठी थोडं. भुशाची जाळी प्रत्येक वेळी साफ करा. हवा बाहेर सोडणारा पाइप असेल तर तो वाकू किंवा तुंबू देऊ नका. प्लग १६ अँपिअरच्या स्वतंत्र पॉइंटवर हवा, एक्स्टेन्शन बोर्डवर नको. मशीन लावून बाहेर जाऊ नका, झोपू नका. शेवटचा थंड हवेचा टप्पा मध्येच तोडून गरम कपड्यांचा ढीग करून ठेवू नका. आणि खास आपल्यासाठी एक सूचना. दिवाळीत अभ्यंगस्नानाचे तेलकट पंचे आणि टॉवेल या ड्रायरमध्ये घालू नका. धुतल्यावरही तेल राहतं, ते उष्णतेने आपोआप तापत जातं आणि मशीन बंद झाल्यावरही कपडे पेटू शकतात. ते पंचे दोरीवरच बरे.

मावशी आता काम करत नाहीत. त्यांची सून आपल्या चार घरांत येते. तिला कामावर घेताना मी प्रथम ड्राय बाल्कनीत रबरी मॅट घातली आणि सांगितलं, "मशीन जरासं जरी चावलं तरी हातातलं काम टाकून मला सांग." मागच्या पावसाळ्यात तिने एकदा सांगितलं. मी मेन बंद केला, त्याच दिवशी मेकॅनिक बोलावला. उंदराने वायर कुरतडली होती. खर्च फारसा आला नाही, आणि या वेळी मी ते समितीच्या वहीत माझ्या फ्लॅट नंबरसकट लिहून आले आहे.

सर्व सभासदांना रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छा. सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत हा विषय जो कोणी पुढे नेईल, त्याच्या हाती पूर्ण नोंदी असोत.