गळतीचा इतिहास

गेल्या वैशाखांत आमच्या वऱ्हाडांतील शेतावरच्या पिकअप गाडीचें शीतयंत्र एकाएकीं उष्ण वारा सोडूं लागलें. बाहेर पारा ४४ अंशांवर, आणि आंत त्याहूनहि अधिक काहिली! गॅरेजांतील मिस्त्रीनें बॉनेट उघडून क्षणभर पाहिलें आणि ‘गॅस संपला’ असें सांगून नवा गॅस भरून दिला. सतरा दिवसांनीं पुनः तोच प्रकार, तेंच निदान आणि तेंच बिल.

तेव्हां आमच्या मनांत सहजच प्रश्न आला, कीं गॅस संपतो म्हणजे काय? डिझेल संपतें, कारण तें जळतें. हा गॅस तर जळतहि नाहीं आणि झिजतहि नाहीं. कॉम्प्रेसर त्याला दाबतो. कंडेन्सरांत तो उष्णता टाकून द्रवरूप होतो. पुढें बारीक छिद्रांतून सुटून कूलिंग कॉइलमध्यें उकळतो, आणि गाडींतील उष्णता शोषून घेऊन पुनः कॉम्प्रेसरकडे येतो. हें रहाटगाडगें बंद नळ्यांत फिरत राहावयाचें. अर्थात् गॅस संपला याचा अर्थ एकच, कीं तो कोठून तरी निसटला. या विद्येचा इतिहास चाळूं लागतां आम्हांस असें दिसून आलें, कीं गेल्या शंभर वर्षांत तिला जीं मोठीं वळणें मिळालीं, तीं बहुतेक या निसटण्यानेंच दिलेलीं आहेत.

जेकब पर्किन्स यानें १८३४ सालीं लंडन येथें अशा यंत्राचें पेटंट घेतलें, तेव्हां त्यांत ईथर खेळवावयाचें होतें, आणि ईथर म्हणजे ठिणगीची वाट पाहणारा पदार्थ. मागाहून अमोनिया, सल्फर डायॉक्साइड, मिथिल क्लोराइड हे वायु आले. कारखान्यांत तीं यंत्रें होतीं तोंवर एक वेळ निभावलें. परंतु १९२० नंतर तीं घरांत शिरलीं. बर्लिनमधील एक कुटुंब शीतपेटींतून निसटलेल्या विषारी वायूनें झोपेंतच मरण पावल्याचें वृत्त आइन्स्टाइन यांच्या वाचनांत आलें, आणि १९२६ च्या सुमारास ते आपले तरुण मित्र लिओ झिलार्ड यांच्यासह नव्या शीतपेटीच्या मागें लागले. सापेक्षतावादाच्या जनकानें स्वयंपाकघरांत लक्ष घालावें याचें कोणास नवल वाटेल, पण त्या दोघांचें निदान मोठें मार्मिक होतें. जेथें हलणारा भाग आहे तेथें सांधा बंद करणारें रबर किंवा चामडें आलें, आणि जेथें तें आलें तेथें आज ना उद्यां गळती आलीच. म्हणून हलणारा भागच नको! त्यांनीं अनेक पेटंटें घेतलीं, पण त्यांची पेटी बाजारांत कधींच आली नाहीं.

अमेरिकेनें निराळी वाट धरली. गळती थांबविण्याचा खटाटोप कशाला? गळणारा वायुच निरुपद्रवी केला म्हणजे झालें. जनरल मोटर्स कंपनीच्या वतीनें थॉमस मिज्ली यानें १९२८ सालीं हें काम अंगावर घेतलें, आणि १९३० सालीं रसायनशास्त्रज्ञांच्या सभेंत त्यानें हा नवा वायु छातीभर ओढून घेऊन त्याच्या फुंकरीनें मेणबत्ती विझविली. विषारी नाहीं आणि ज्वालाग्राहीहि नाहीं, हें एका श्वासांत सिद्ध झालें! हाच तो फ्रेऑन. मोटारगाडींत शीतयंत्र बसविणें त्याच्यामुळेंच सुकर झालें. पॅकार्ड कंपनीनें १९४० सालच्या आपल्या गाड्यांसाठीं २७४ डॉलर अधिक घेऊन तें देऊं केलें. मात्र त्या कॉम्प्रेसरला क्लचच नव्हता. यंत्र बंद ठेवावयाचें तर इंजिन थांबवून पट्टा उतरून ठेवावा लागे.

येथें एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. घरच्या फ्रिजमध्यें मोटर आणि कॉम्प्रेसर एकाच लोखंडी डब्यांत कायमचीं बंद केलेलीं असतात. म्हणून तो वीस वीस वर्षें गॅस मागत नाहीं. गाडींत सहसा तसें करतां येत नाहीं. कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, सबब त्याचा दांडा बाहेर येणारच. इंजिन थरथरतें, सबब मधल्या कांहीं नळ्या रबरीच हव्यात. आइन्स्टाइन यांनीं टाळूं म्हटलेलें सर्व कांहीं मोटारींत पुनः आलें. पण वायु निरुपद्रवी आणि स्वस्त! गळला तर गळूं द्या, उन्हाळ्याच्या आरंभीं भरून घ्या. ‘गॅस संपला’ हा शब्दप्रयोग त्या स्वस्ताईचेंच अपत्य असावें असें आम्हांस वाटतें.

१९७४ सालीं मोलिना व रोलंड या दोन शास्त्रज्ञांनीं दाखविलें, कीं हा निरुपद्रवी वायु वातावरणांत दीर्घकाळ टिकून उंच चढतो, आणि तेथें त्याच्यांतील क्लोरीन ओझोनच्या थराचा नाश करतो. १९८५ सालीं अंटार्क्टिकावरील तुटीचा पुरावा प्रसिद्ध झाला. १९८७ सालीं माँट्रियल येथें करार झाला, आणि १९९२ सालीं भारत त्यांत सामील झाला. पुढें मोटारींत ‘आर-१३४ए’ हा क्लोरीनरहित वायु आला. ओझोन वांचला, पण हा नवा पाहुणा कार्बन डायॉक्साइडच्या सुमारें १,४०० पट उष्णता अडवून धरणारा निघाला! त्यालाहि आवर घालण्याचें २०१६ सालीं किगाली येथें ठरलें.

आमच्या गाडींत हाच वायु आहे. तिसऱ्या वेळीं आम्हीं ती दुसऱ्या एका वयस्क मिस्त्रीकडे नेली. त्यानें गॅसच्या टाकीला हातच लावला नाहीं. गरम हवेची झडप नीट मिटते कीं नाहीं, कंडेन्सरपुढचा पंखा फिरतो कीं नाहीं, क्लच टक्कन् बसतो कीं नाहीं, हें त्यानें प्रथम पाहिलें. मग गेज लावलें. यंत्र बंद असतां दोन्ही कांटे सारखेच उभे राहिले. तेव्हां तो म्हणाला, ‘‘साहेब, हा कांटा बघून फसूं नका. आंत वाटीभर पातळ गॅस उरला तरी बंद गाडींत दाब तेवढाच दाखवतो.’’ गाडी चालू करतांच दोन्ही बाजूंचा दाब पडलेला दिसला. मग तो नळीनळीवरून बोट फिरवूं लागला. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचें तेलहि फिरत असतें; म्हणून जेथून गॅस निसटतो तेथें तेल पाझरतें आणि त्यावर धूळ बसते. कंडेन्सरच्या एका सांध्याशीं असा काळा, चिकट डाग सांपडला. उरलेला गॅस त्यानें यंत्रानें काढून टाकींत सांठविला, नळ्यांत नायट्रोजन भरला आणि सांध्यावर साबणाचा फेंस लावला. बुडबुडे आले.

एक रबरी कडी बदलली. मग अर्धा तास निर्वात करून कांटा हलत नाहीं याची खात्री झाल्यावर, बॉनेटखालच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस त्यानें तोलून भरला.

पूर्वीं दोनदां भरलेला गॅस मिळून सुमारें एक किलो होता. घरीं आल्यावर आम्हीं सहज हिशेब केला: हवेंत गेलेला तेवढा गॅस म्हणजे ५०० लिटरांहून अधिक डिझेल जाळल्याची उष्णता. शेताच्या कामांत एवढें डिझेल संपावयास आमच्या गाडीला चार महिने लागतात.