पांढरा रंग काळा दिसतो तेव्हा

१८०१ साली जर्मनीत योहान रिटर यांनी सिल्व्हर क्लोराइड लावलेला कागद जांभळ्या प्रकाशाच्या पलीकडे धरला. तिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तरी कागद भराभर काळा पडला. अशा रीतीने अतिनील किरण सापडले. पुढे १९१० च्या सुमारास अमेरिकेचे रॉबर्ट वुड यांनी याच किरणांत फोटो काढले. पांढराशुभ्र झिंक ऑक्साइडचा रंग त्यात काळा आला, कारण तो हे किरण शोषून घेतो.

तेच झिंक ऑक्साइड आज अनेक सनस्क्रीनमध्ये असते. म्हणून अशा फोटोत सनस्क्रीन लावलेली त्वचा काळी दिसते; पापण्या, कान अशा राहून गेलेल्या जागा मात्र उजळ. धोका असतो तो त्या उजळ जागांनाच. तिथेही सनस्क्रीन लावा, आणि घाम आल्यावर पुन्हा लावा.