आठ मिनिटांचा इमला

ब्रुसेल्स येथे १९५८ साली भरलेल्या जागतिक प्रदर्शनात हॉलंडातील फिलिप्स या कारखानदारांनी जो मंडप उभारला, त्यात त्यांच्या मालाचा एकही जिन्नस विक्रीच्या हेतूने मांडलेला नव्हता. दिवे आणि ध्वनियंत्रे हा ज्यांचा व्यापार, त्यांचे कलाप्रमुख लुई काल्फ यांनी आपल्या तंत्राचे सामर्थ्य प्रकाश, रंग आणि ध्वनी यांच्याच द्वारा प्रकट व्हावे अशी तजवीज मनाशी योजून १९५६च्या सुमारास ल कॉर्ब्युझिए या वास्तुकाराला पाचारण केले. आणि त्याने नुसत्या मंडपाऐवजी एक ‘विद्युत्काव्य’ व ते धारण करणारे पात्र, असे दोन्ही देऊ केले.

ल कॉर्ब्युझिएचे चित्त त्या काळी चंडीगढच्या उभारणीत गुंतलेले असल्याने पात्राचे काम त्याने आपल्या कचेरीतील यानिस झेनाकिस या तरुण ग्रीक अभियंत्यावर सोपविले. महायुद्धाच्या अखेरीस अथेन्सच्या रस्त्यांवरील लढाईत डावा डोळा गमावून, मायदेशातून परागंदा होऊन १९४७ साली पॅरिसला पोचलेला हा माणूस दिवसा काँक्रीटची गणिते सोडवी आणि उरल्या वेळात संगीत रची. ‘मेटास्टासिस’ या वाद्यवृंदरचनेत त्याने अनेक तंतुवाद्यांचे स्वर मींडेप्रमाणे, परंतु प्रत्येकाचा वेग निराळा ठेवून, सरकत नेले होते. आलेखाच्या कागदावर अशी प्रत्येक मींड म्हणजे एक सरळ तिरपी रेघ; मात्र पुष्कळ रेघा शेजारी शेजारी, थोड्या थोड्या कलत्या आखीत गेले की त्यांच्या कडेने एक डौलदार वक्र आपोआप उमटतो. हीच रीत त्याने भिंतींना लावली. त्यातून निघालेली तीन उत्तुंग शिखरांची ती वास्तू पाहणाऱ्याला सर्वस्वी वक्र दिसे, तरी तिचा प्रत्येक पृष्ठभाग सरळ रेषांनीच विणलेला होता. वाळूच्या साच्यांत जमिनीवर ओतलेले, जेमतेम पाच सेंटिमीटर जाडीचे काँक्रीटचे तुकडे उचलून जोडावयाचे आणि पोलादी तारांच्या ताणाने आवळून धरावयाचे, अशी ती बांधणी होती. संगीतातून इमारत निघाल्याचे असे निःसंदिग्ध उदाहरण वास्तुकलेच्या इतिहासात मला दुसरे ठाऊक नाही.

आत एका वेळी सुमारे पाचशे माणसे घेत. प्रवेश करतेवेळी कानी पडे ती झेनाकिसचीच एक लहान रचना, जळत्या कोळशाची तडतड मुद्रित करून तिच्या असंख्य तुकड्यांतून गुंफलेली. मग अंधार होई, घंटेचे टोल पडत, आणि पुढील आठ मिनिटे उभ्या प्रेक्षकांना वेढून एदगार व्हारेझ या वृद्ध संगीतकाराची रचना चाले. घंटा, यंत्रांची घरघर, ढोल, मानवी कंठ, विजेच्या साहाय्याने निर्मिलेले नाद हे सारे त्याने आइंडहोवन येथील प्रयोगशाळेत फितीवर जुळविले होते. भिंतींत बसविलेल्या तीनशेहून अधिक कर्ण्यांतून नाद ठराविक वाटांनी धावत. एखादा सूर पाठीमागून उठून माथ्यावरून पलीकडे जाताना प्रत्यक्ष जाणवे. त्याच वेळी समोरासमोरच्या भिंतींवर देवमूर्ती, मुखवटे, पशू, यातनातळांतील देह, अणुस्फोट, अर्भके अशी चित्रे उमटत, आणि सबंध पृष्ठभागावरून तांबडे, निळे, पिवळे रंग पसरत व ओसरत.

चित्रांची निवड व क्रम ल कॉर्ब्युझिएचा, ध्वनी व्हारेझचा. आणि दोघांनी एकमेकांशी मेळ घालण्याचा यत्न बुद्धिपुरःसर टाळला होता. कोणत्या चित्राशी कोणता नाद जुळावा, हे कोणीच मुक्रर केले नव्हते. कारखानदारांना व्हारेझचे संगीत इतके रुचेनासे झाले की त्याला दूर करण्याच्या हालचाली झाल्या. तेव्हा त्याच्यावाचून आपणही काम करणार नाही, असे ल कॉर्ब्युझिएने निक्षून बजावले. या निष्ठेबद्दल त्याची स्तुती करावी तेवढी थोडीच. कारण या कृतीचे मर्म त्या मोकळ्या ठेवलेल्या सांध्यात आहे. प्रेक्षक कोठे उभा, कोणत्या भिंतीकडे वळलेला, कोणत्या कर्ण्याच्या निकट, यावर चित्र आणि नाद यांची गाठ अवलंबून असे. म्हणजे पाचशे जणांपैकी प्रत्येकाचे काव्य निराळे, आणि ते पूर्ण करणारा तो स्वतःच. प्रेक्षकाला कलाकृतीच्या अंतरंगात वावरू देणारी जी दालने आज शहरोशहरी उभी राहतात, त्यांच्या पूर्वजांत या मंडपाचे स्थान अग्रभागी आहे.

न्यायाच्या बाबतीत मात्र ल कॉर्ब्युझिए तितका उदार ठरला नाही. इमल्याच्या आराखड्याचे श्रेय प्रारंभी त्याने एकट्याने घेतले. झेनाकिसने कैफियत मांडून ते मागितले, तेव्हा कोठे त्याचे नाव जोडले गेले. १९५९ साली त्याला ती कचेरी सोडावी लागली. त्याच वर्षीच्या जानेवारीत, प्रदर्शनाची मुदत सरल्यावर, मंडपही पाडण्यात आला. व्हारेझची रचना तबकड्यांवर ऐकावयास मिळते, चित्रफीत पाहावयास मिळते, आणि अलीकडे संशोधकांनी संगणकावर त्या वास्तूची प्रतिकृतीही रचली आहे. परंतु तीनशेहून अधिक कर्ण्यांतून धावणारा नाद दोन कर्ण्यांत कोंबला की व्हारेझने जन्मभर ज्याचा ध्यास घेतला, ते नादाचे अवकाशातील भ्रमणच नाहीसे होते.

तो ध्यास झेनाकिसने पुढे चालविला. १९६७ साली माँट्रिअलच्या प्रदर्शनात त्याने पोलादी तारांच्या जाळ्यावर शेकडो लखलखते दिवे ओवले, आणि १९७२ साली पॅरिसमधील क्ल्यूनीच्या रोमन स्नानगृहात लेसरचे किरण खेळविले. चित्रे आणि कथा त्याने अजिबात वर्ज्य केली; प्रकाश एका नियमाने चाले, ध्वनी दुसऱ्या. या कृतींसाठी त्याला कोणाकडेही श्रेयाची दाद मागावी लागली नाही.