सैल अंदाजपत्रकी मर्यादा: एका संकल्पनेची कुळकथा

तोट्यात चालणाऱ्या कारखान्याला आपण बुडणार नाही, वेळ आली की सरकार धावून येईल, अशी खात्री वाटू लागली की त्याच्या खरेदीवर, कर्जावर आणि विस्ताराच्या बेतांवर एरवी असणारा पैशाचा लगाम सुटतो. या अवस्थेला अर्थशास्त्रात ‘सैल अंदाजपत्रकी मर्यादा’ असे म्हणतात. हंगेरीचे अर्थशास्त्रज्ञ यानोश कोर्नाई (1928–2021) यांनी ही संज्ञा सत्तरीच्या दशकात घडवली आणि 1980 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘टंचाईचे अर्थशास्त्र’ या द्विखंडी ग्रंथामुळे ती जगभर पोहोचली. तिच्यामागे समाजवादी कारखान्यांच्या निरीक्षणाची जवळपास पंचवीस वर्षे उभी आहेत, आणि ती वर्षे बाजूला ठेवली तर या संकल्पनेचे बळ नीट कळत नाही.

समाजवादी अर्थव्यवस्थेविषयीचा सैद्धांतिक वाद त्याआधीच जुना झाला होता. उत्पादनाची साधने खाजगी मालकीची नसतील तर त्यांच्या खऱ्या किमती ठरणार नाहीत, आणि किमतींवाचून कोणताही हिशेब करता येणार नाही, असे लुडविग फॉन मिझेस यांनी 1920 मध्ये मांडले. त्याला पोलंडचे ऑस्कर लांगे यांनी 1936–37 मध्ये दिलेले उत्तर हाच ‘बाजार समाजवादा’चा मूळ आराखडा होय: केंद्रीय नियोजन मंडळाने किमती जाहीर कराव्यात, कारखान्यांनी सरासरी खर्च किमान ठेवून सीमांत खर्च, म्हणजे आणखी एक नग काढण्याचा खर्च, किमतीइतका होईपर्यंत उत्पादन करावे, आणि माल पडून राहिला किंवा अपुरा पडला तर मंडळाने किंमत उतरवावी किंवा चढवावी. या आराखड्यात कारखान्याचा प्रमुख नेमून दिलेले नियम पाळतो असे गृहीत धरलेले आहे, पण त्याने ते पाळले नाहीत आणि तोटा झाला, तर तो कोणी सोसायचा, या प्रश्नाचा विचार नाही. मिझेस यांनी मालकाच्या जबाबदारीचा मुद्दा काढला होता. वादाचा भर मात्र हिशेब आणि माहिती यांवरच राहिला.

कोर्नाई या वादात ग्रंथांच्या मार्गाने आले नाहीत. हंगेरीच्या कम्युनिस्ट पक्षाच्या मुखपत्रातील नोकरी 1955 मध्ये गेल्यावर ते संशोधनाकडे वळले, आणि कापडासारखा ग्राहकोपयोगी माल काढणाऱ्या, तिकडे ‘हलका उद्योग’ म्हणवल्या जाणाऱ्या कारखान्यांतील अधिकाऱ्यांशी बोलून त्यांनी प्रबंध लिहिला. अतिकेंद्रीकरणावरील या प्रबंधाची जाहीर चर्चा सप्टेंबर 1956 मध्ये, म्हणजे हंगेरीतील उठावाच्या आदल्या महिन्यात झाली. त्यातील तपशील आजही वाचण्यासारखा आहे. योजनेतील उद्दिष्ट 100 टक्के पूर्ण झाले तर अधिकाऱ्यांना बोनस आणि 99 टक्क्यांवर अडले तर काहीच नाही, अशी व्यवस्था असल्यामुळे मुदत संपत आली की कारखान्यात एकच धावपळ उडे, आणि दर्जा, यंत्रांची देखभाल, पुढील महिन्याची तयारी या सगळ्यांवर पाणी सोडले जाई. उद्दिष्ट एकूण उत्पादनमूल्यात मोजले जाई आणि त्या मूल्यात कच्च्या मालाची किंमतही धरलेली असे. परिणामी महाग कच्चा माल वापरला की काम न वाढता आकडा वाढे. उद्दिष्टापेक्षा फार जास्त उत्पादन करण्यातही धोका होता, कारण पुढल्या खेपेस तोच आकडा किमान म्हणून माथी मारला जाई. हे वागणे आळसातून किंवा लबाडीतून आलेले नव्हते. नियमांनी घालून दिलेल्या चौकटीत शहाण्या माणसाने जे केले असते तेच ही माणसे करत होती, हे त्या प्रबंधाने दाखवून दिले.

1958 मध्ये कोर्नाई यांना विज्ञान अकादमीच्या अर्थशास्त्र संस्थेतून काढून टाकण्यात आले. नंतर कापड उद्योगाशी संबंधित कार्यालयांत काम करताना ते गणिती नियोजनाकडे वळले आणि तमाश लिप्ताक या गणितज्ञाबरोबर त्यांनी ‘द्विस्तरीय नियोजना’चे प्रतिमान रचले, जे 1965 मध्ये ‘इकॉनोमेट्रिका’ या नियतकालिकात छापून आले. केंद्राने क्षेत्रांना साधनसामग्री वाटून द्यावी, प्रत्येक क्षेत्राने त्या साधनांची छाया किंमत, म्हणजे आणखी एक एकक मिळाल्यास किती लाभ होईल तो आकडा, केंद्राला कळवावा, आणि केंद्राने त्यावरून वाटप पुन्हा दुरुस्त करावे, असा हा क्रम होता. गणित निर्दोष होते. पण खाली बसलेला माणूस खरा आकडा कळवील कशावरून, ही शंका, जी 1956 च्या प्रबंधातच दडलेली होती, गणिताने मिटणारी नव्हती.

निर्णायक अनुभव 1968 मध्ये आला. त्या वर्षाच्या 1 जानेवारीपासून हंगेरीने ‘नवी आर्थिक यंत्रणा’ लागू केली, कारखान्यांवरील सक्तीची उत्पादन-उद्दिष्टे रद्द केली आणि नफा हा कारभाराचा निकष ठरवला. कागदोपत्री हे लांगे यांच्या कल्पनेच्या बरेच जवळ जाणारे होते. तरीही टंचाई हटली नाही, नव्या गुंतवणुकीची भूक शमली नाही, आणि तोट्यातील मोठे कारखाने बंद पडले नाहीत. उलट 1972 नंतर सुमारे 50 बड्या उद्योगांना वरिष्ठांचे खास लक्ष आणि खास सवलती मिळू लागल्या. हुकूम गेले, नफा आला, आणि वागणूक तीच राहिली, तर कारण हुकमांपेक्षा खोल असले पाहिजे, असा निष्कर्ष कोर्नाई यांनी काढला, आणि 1976–77 मध्ये स्टॉकहोमच्या आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्र संस्थेत बसून त्या कारणाची मांडणी केली.

अंदाजपत्रकी मर्यादा ही उपभोक्त्याच्या सिद्धांतातील परिचित गोष्ट आहे: मिळकतीपलीकडे खर्च करता येत नाही. कोर्नाई यांनी ती हिशेबाच्या वहीतून बाहेर काढून माणसाच्या अपेक्षेत आणून ठेवली, आणि त्यांच्या साऱ्या कार्यात हे पाऊल सर्वांत मोलाचे मानावे लागते. मदत प्रत्यक्षात मिळाली की नाही यापेक्षा ती मिळेल असे व्यवस्थापक किती ठामपणे धरून चालतो, यावर त्याचे आजचे निर्णय ठरतात. ही मदत चार वाटांनी येते, असे त्यांनी 1986 च्या लेखात सांगितले: घासाघीस करून मिळवलेले अनुदान, घासाघीस करून कमी करून घेतलेला कर, परतफेडीची फारशी आशा न ठेवता दिलेले कर्ज, आणि खर्च वाढेल तशी वाढवून दिलेली प्रशासित किंमत. राज्यसंस्था आणि कारखाना यांच्या या नात्याला त्यांनी पालक आणि पाल्य यांची उपमा दिली, ज्यात मागेल ते वस्तुरूपाने पुरवण्यापासून पूर्ण स्वावलंबनापर्यंत पायऱ्या आहेत आणि सुधारणेनंतरचा हंगेरियन कारखाना मधल्याच पायरीवर रेंगाळला होता.

टंचाईचे मूळ येथेच सापडते, कारण खर्च परत करावा लागणार नसेल तर कारखान्याची मागणी किमतीला जुमानत नाही, कच्चा माल आणि मजूर साठवून ठेवले जातात, आणि उरलेल्या मालासाठी सामान्य ग्राहकाच्या वाट्याला रांग, शोधाशोध किंवा हवी ती वस्तू सोडून मिळेल ती घेणे, म्हणजे कोर्नाई यांच्या भाषेत ‘सक्तीचा पर्याय’, एवढेच येते. आग्नेश मातित्श यांच्याबरोबर हंगेरीतील सरकारी उद्योगांचे ताळेबंद तपासल्यावर आणखी एक गोष्ट उघड झाली: कर, अनुदाने आणि फेरवाटप होऊन कारखान्याच्या हाती उरणारा नफा आणि त्याने मुळात कमावलेला नफा यांत फारसा संबंध उरत नव्हता. चांगला कारभार करणाऱ्याकडून काढून घेऊन ढिसाळ कारभार करणाऱ्याला सावरण्याचे काम सरकार करत होते. 1986 मध्ये हंगेरियन सुधारणांचा आढावा घेताना कोर्नाई यांनी बाजार समाजवादाच्या आरंभीच्या पुरस्कर्त्यांना ‘भोळे सुधारक’ म्हटले आणि त्या यादीत स्वतःलाही घातले.

संकल्पना पुढे समाजवादी देशांपुरती राहिली नाही. 1995 मध्ये मथियास देवात्रिपाँ आणि एरिक मॅस्किन यांनी पालकत्वाची भावना नसतानाही मर्यादा सैल का होते ते दाखवले: पहिले कर्ज एकदा अडकले की ते कायमचे बुडू देण्यापेक्षा दुसरे कर्ज देणे सावकाराला त्या क्षणी परवडते, आणि हे ऋणकोला आधीच ठाऊक असते. मुंबईच्या ‘आजारी’ गिरण्यांचा इतिहास या चौकटीत ठेवून पाहता येतो, कारण 1974 च्या कायद्याने देशातील 103 गिरण्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे आल्या आणि 1982 च्या संपानंतर, 1983 मध्ये, मुंबईतील आणखी 13 गिरण्यांचा ताबा सरकारने घेतला. पण तेथे हजारो कामगारांची चूल पणाला लागली होती. तिची जबाबदारी कोणाची, याचे उत्तर कोर्नाई यांच्या संकल्पनेत शोधू नये, ती फक्त तोटा कोणाच्या माथी जातो ते दाखवते.

खुद्द हंगेरीत ही मर्यादा आवळण्याचा प्रयत्न कायद्याने झाला. 1992 च्या आरंभी लागू झालेल्या दिवाळखोरी कायद्याने 90 दिवसांहून अधिक देणे थकलेल्या कंपनीला स्वतःहून न्यायालयात अर्ज करणे बंधनकारक केले. त्या वसंत ऋतूत हजारो अर्ज आले, ज्यांची देणी केवळ इतरांच्या थकबाकीमुळे अडकली होती अशा धडधाकट कंपन्याही त्यांत ओढल्या गेल्या, आणि 1993 मध्ये ते सक्तीचे कलम काढून टाकावे लागले.